नळाचा दिवस

तिकिटावर मथुरा, पासपोर्टवर मथुराबाई.
एका बाईचा फरक,
दुरुस्तीचे तीन हजार दोनशे.
कंपनीचा पोरगा फोनवर विचारतो,
"मॅडम, बाई हे मधलं नाव आहे का?"
नाही रे, चौथीच्या दाखल्यावर
गुरुजींनी मायेनं लावलेलं आहे.
मायेचा रकाना त्याच्याकडं नाही.

रात्रीचे पावणेबारा. चंदनझिऱ्यातली खोली.
मोबाईलवर सोळा खिडक्या उघड्या,
घराला एकच.

किरगिझस्तान. आधी मला लिहिताही येत नव्हतं.
आमच्या कॅज्युअल्टीतला घुगे डॉक्टर तिकडं शिकला.
नाइटला चहा पिता पिता
त्यानं एक तळं दाखवलं,
बोटानं सरकवत, सरकवत,
पलीकडचा काठ येईचना.
"इसिक-कुल. म्हणजे ऊन तळं.
थंडीतसुद्धा गोठत नाही, सिस्टर."
मी सिस्टर नाही, एक्स-रेवाली आहे,
पण ते सांगायचं राहून गेलं.

आमच्याकडं पाणी दहाव्या दिवशी.
म्हणून कॅलेंडरवर आधी नळाचे दिवस मांडले,
निळ्या पेनानं गोल करून,
आणि उरलेल्या जागेत परदेश.
चारला आलं तर चौदाला येणार,
मधल्या मधे जाऊन यायचं.
नगरपालिकेच्या भरवशावर
विमानाचं तिकीट काढणारी
मी पहिलीच असेन.

मग सचखंड. ती लेट झाली तर?
म्हणून दिल्लीत एक दिवस फुकटचा धरला.
त्या दिवसाला लॉज. लॉजवाला म्हणतो,
सोबत कोण?

बँकेतला साहेब: सोबत कोण?
चौकशीला आलेला हवालदार
दोन पेले पाणी प्याला, मिशी पुसली,
"एकट्याच? काहून?"
भाऊ म्हणतो, टूरवाल्यांबरोबर जा ना,
ते तिथंसुद्धा पोहे देतात.
मी त्याला हिशेब दाखवला, वहीची चार पानं.
त्याला हिशेबाचं पडलेलंच नव्हतं.

फोटो: पांढरी भिंत, दोन्ही कान दिसावेत, हसू नये.
फोटोवाला म्हणाला,
तुम्हाला जमेल.

ओटीपी आला तेव्हा लाईट गेली.
लाईट आली तेव्हा ओटीपी मेलेला.
पैसे गेले का राहिले,
तीन दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं,
बँकेलाही नाही, देवालाही नाही.

बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले,
श्वास घ्या.
धरून ठेवा.
सोडा.
आज महिना झाला, मी धरून बसलेय
आणि काचेपलीकडून
कुणी सोडा म्हणत नाही.

शब्द पाठ करते ओट्यापाशी.
स्पासिबा, आभार.
वदा, म्हणजे पाणी.
आपल्यात वदा म्हणजे बोला.
तिथं तहान लागली
आणि मी हात जोडून म्हणाले, वदा, वदा,
तर चुकणार कुठंच नाही.
हसू आलं. फोटोला चाललं नसतं.

साडेबाराला पाईप खाकरला.
आज? आज तर नववा दिवस!
म्हणजे सगळे निळे गोल एकेक घर मागं,
म्हणजे पाणी तेराला, मी तेव्हा विमानात,
टाकी कोरडी, तुळस कोरडी,
आणि तिकीट बदलायचं तर पुन्हा तीन हजार दोनशे.
मी तशीच उठले, कळशी, बादली, ड्रम,
भगोनीसुद्धा लावली.

भिंतीपलीकडून फरजानाभाभी, ओल्या आवाजात,
"कित्ते दिन को जारे तुम?"
नऊ, म्हणाले. आणि थांबले, पुढच्या प्रश्नासाठी.
"चाबी देके जाव.
मोटर का बटन कौनसा, लाल के काला?"

काळं, भाभी.
काळं.

आत आले तर स्क्रीनवर,
आपली वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.
हात ओले, बोटाचा ठसा घेईना.
पदराला पुसले.
नाव:
मथुराबाई.
सगळं. बाईसकट.